मोजायला आकडेच नाहीत, तरी समुद्र सांभाळायचा कसा? कमी डेटातलं मासेमारी व्यवस्थापन



या वेबसाइटवर आपण बहुतेक वेळा भरपूर डेटाबद्दल बोलतो. आज उलट्या प्रश्नाकडे वळूया. डेटा जवळजवळ नाहीच, पण निर्णय तर घ्यावाच लागणार आहे, अशा वेळी काय करायचं? याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दारातच आहे, ते म्हणजे समुद्रातली मासेमारी.

समुद्रात पापलेट किती उरलीत, हे थेट मोजायची सोय कुणाकडेच नाही. मासा दिसत नाही, एका जागी थांबत नाही आणि राज्याची हद्दही मानत नाही. तरीही "यंदा किती पकडायची?", "जाळ्याचा आस केवढा ठेवायचा?", "बंदी कधी आणि किती दिवस?" ही उत्तरं दरवर्षी द्यावी लागतात. उत्तर चुकलं तर एका बाजूला साठा संपतो, दुसऱ्या बाजूला ज्यांचं घर त्या मासळीवर चालतं त्यांची चूल थंडावते.

या लेखात मी कमी डेटात वापरल्या जाणाऱ्या मुख्य पद्धती, त्यामागचं गणित आणि प्रत्येक पद्धत कुठे फसवते, हे सांगणार आहे. गणित शाळेतल्या पातळीचंच आहे, घाबरू नका.

"डेटा कमी" म्हणजे नेमकं काय?

मत्स्यसाठ्याचा पूर्ण हिशोब मांडायचा तर साधारण चार गोष्टी लागतात. किती मासळी पकडली गेली, ती पकडायला किती बोटी किती वेळ राबल्या, पकडलेल्या माशांचं वय काय होतं, आणि मच्छीमारांशी संबंध नसलेल्या संशोधन जहाजाने ठरावीक ठिकाणी दरवर्षी केलेली पाहणी. हे सगळं सलग वीस-तीस वर्षांचं असेल तर संगणकावर साठ्याचं चांगलं मॉडेल उभं राहतं.

असं भाग्य फार थोड्या माशांना मिळतं. 'सायन्स' या नियतकालिकात २०१२ साली ख्रिस्तोफर कोस्टेलो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यानुसार जगातली ८० टक्क्यांहून जास्त मासळी अशा साठ्यांमधून येते, ज्यांचं रीतसर मूल्यांकन झालेलंच नव्हतं. म्हणजे "डेटा कमी" ही अपवादाची नाही, तर नेहमीचीच परिस्थिती आहे.

भारतात आकडे अजिबातच नाहीत असं मात्र समजू नका. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, म्हणजे सीएमएफआरआय, १९४७ पासून काम करते. २०१०च्या सागरी मत्स्य गणनेत देशात १,५११ ठिकाणी मासळी उतरते अशी नोंद झाली. महाराष्ट्रात अशी ठिकाणं १५२ होती. इतक्या ठिकाणी रोज माणूस उभा करणं अशक्य आहे. म्हणून संस्था नमुना पद्धत वापरते. किनाऱ्याचे विभाग पाडायचे, काही बंदरं आणि काही दिवस निवडायचे, त्या दिवशी आलेल्या काही बोटींची मासळी जातीनुसार नोंदवायची आणि त्यावरून एकूण अंदाज बांधायचा. निवडणुकीच्या सर्वेक्षणासारखंच हे आहे.

यातून "किती मासळी उतरली" हे बऱ्यापैकी कळतं. अडचण त्यापुढची आहे. आपल्याकडे एकाच जाळ्यात वीस-पंचवीस जाती येतात. काही मासळी समुद्रातच टाकली जाते. बारीक मासळी फिशमीलच्या कारखान्याकडे जाते आणि तिथे जातीपेक्षा वजनच महत्त्वाचं ठरतं. शिवाय उष्ण समुद्रातल्या माशाचं वय ओळखणं कठीण असतं. थंड प्रदेशातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वर्तुळं उमटतात. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात पाण्याचं तापमान तितकं बदलत नाही, त्यामुळे ही वर्तुळं पुसट राहतात.

भरपूर डेटा असला की प्रश्न सुटतो का?

नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा हे याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे शास्त्रज्ञ होते, जहाजं होती, मॉडेलं होती. तरीही साठा कोसळला आणि जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं.

त्यातली एक चूक आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. कॉडची संख्या घटत होती, पण उरलेले मासे थोड्या जागेत गोळा होत होते. मोठ्या ट्रॉलर तिथेच जायच्या, त्यामुळे त्यांना तासाला मिळणारी मासळी चांगलीच दिसत होती. आकडा ठीक होता आणि समुद्र रिकामा होत होता.

तेव्हा "आधी पूर्ण डेटा येऊ द्या, मग नियम करू" हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी लंगडा आहे. पूर्ण डेटा कधी येईल ते माहीत नाही, आणि आला तरी तो आपोआप वाचवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९९५च्या जबाबदार मासेमारीच्या आचारसंहितेतही हेच म्हटलं आहे. पुरेशी वैज्ञानिक माहिती नाही, हे कारण देऊन संवर्धनाचे उपाय पुढे ढकलू नयेत.

मग कमी माहितीत करायचं काय? सुरुवात एका मोजपट्टीपासून होते.

पद्धत पहिली: फक्त लांबी मोजा

वय कळत नसेल तर लांबी मोजा, ही कल्पना १९८० च्या आसपास जोरात पुढे आली. फिलिपिन्समधल्या एका संशोधन केंद्रात काम करणाऱ्या डॅनिएल पॉली यांनी लांबीच्या आकड्यांवरून वाढीचा वेग काढण्याची 'एलेफान' ही पद्धत सहकाऱ्यांसोबत उभी केली. उष्ण कटिबंधातल्या देशांसाठी ती फार उपयोगी ठरली.

यातला सगळ्यात सोपा प्रकार मात्र २००४ चा आहे. जर्मनीतल्या कील शहरातले शास्त्रज्ञ रायनर फ्रोझे यांनी तीनच निर्देशक सुचवले:

- अंडी घालू द्या. पकडलेल्यांपैकी किती मासे प्रौढ, म्हणजे अंडी घालण्याच्या वयाला आलेले होते? ध्येय १०० टक्के.
- वाढू द्या. किती मासे योग्य लांबीचे होते? योग्य लांबी म्हणजे ज्या लांबीला पकडले तर त्या पिढीतून सर्वांत जास्त वजन मिळतं. ध्येय इथेही १०० टक्के.
- मोठ्या माद्या राखा. खूप मोठ्या माशांचं प्रमाण किती? मोठ्या माशांना वगळण्याचा नियम नसेल आणि पकडीत ते ३० ते ४० टक्के दिसत असतील तर साठा निरोगी समजतात. २० टक्क्यांखाली गेले तर काळजीचं कारण.

तिसरा मुद्दा आपल्याला थोडा विचित्र वाटतो. "म्हातारा मासा ठेवून काय करायचं?" पण माशांचं गणित माणसासारखं नाही. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि अंडी ढोबळमानाने वजनाच्या प्रमाणात वाढतात. एक मोठी मादी गेली म्हणजे अनेक लहान माद्यांची अंडी गेली.

एक उदाहरण करून पाहू

खालचे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी घेतलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या जातीचे नाहीत.

समजा एक मासा जास्तीत जास्त ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. निम्मे मासे १८ सेंटिमीटरला प्रौढ होतात. आता आणखी एक आकडा हवा. मासा नैसर्गिकरीत्या मरण्याचा वेग भागिले त्याचा वाढीचा वेग. अनेक जातींसाठी हे गुणोत्तर १.५ धरून सुरुवात करतात. योग्य लांबीचं सूत्र असं:

योग्य लांबी = कमाल लांबी × ३ ÷ (३ + गुणोत्तर)

म्हणजे ३० × ३ ÷ ४.५ = २० सेंटिमीटर. त्याच्या आजूबाजूचे १० टक्के धरले की १८ ते २२ सेंटिमीटर हा योग्य पट्टा झाला. २२ च्या वरचे ते 'मोठे' मासे.

आता बंदरावर १,००० मासे मोजले आणि हे निघालं:

- १८ सेंटिमीटरपेक्षा लहान: ६२०
- १८ ते २२ सेंटिमीटर: ३००
- २२ सेंटिमीटरपेक्षा मोठे: ८०

म्हणजे प्रौढ ३८ टक्के, योग्य लांबीचे ३० टक्के, मोठे ८ टक्के. तिन्ही आकडे एकाच दिशेने बोट दाखवतात. मासा वाढायच्या आधी आणि अंडी घालायच्या आधीच पकडला जातोय. इथे महागडं मॉडेल नाही, जहाज नाही. एक पाटी, एक मोजपट्टी आणि कुणाचे तरी काही दिवस एवढाच खर्च.

मोजताना दोन साध्या गोष्टी पाळाव्या लागतात. शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे आधी ठरवा आणि सगळ्यांनी तेच करा. आणि व्यापाऱ्याने निवडून वेगळी केलेली मोठी मासळी मोजू नका, तसं केलं तर निकाल उगाचच गोड येतो. बोटीवरून उतरल्याबरोबर, प्रतवारी व्हायच्या आधी नमुना घ्यायचा.

पद्धत दुसरी: अंड्यांची शिल्लक किती?

याच लांबीच्या आकड्यांतून एक पायरी पुढे जाता येतं. कल्पना करा, मासेमारी अजिबात नसती तर एका माशाने आयुष्यभरात सरासरी १०० एकक अंडी घातली असती. आज मासेमारीमुळे तो लवकर पकडला जातो आणि सरासरी १५ एककंच घालतो. मग अंड्यांची शिल्लक १५ टक्के. इंग्रजीत याला स्पॉनिंग पोटेन्शियल रेशो म्हणतात, थोडक्यात एसपीआर.

ढोबळ नियम असा: एसपीआर २० टक्क्यांच्या खाली गेला तर पुढची पिढी नीट भरून निघेल याची खात्री राहत नाही. ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर सुरक्षित.

फक्त लांबीवरून एसपीआर काढायची पद्धत एड्रियन होर्डिक, जेरेमी प्रिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास मांडली. तिला लागतं काय? कमाल लांबी, प्रौढ होण्याची लांबी, मघाचं गुणोत्तर आणि साधारण हजार माशांची लांबी. सॉफ्टवेअर मोफत आहे, 'आर' या संगणकीय भाषेत चालतं. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या देशात प्रवाळ खडकांवरच्या ११ जातींचा असाच अभ्यास झाला. त्यात मच्छीमारांनी स्वतः मासे मोजायला आणि प्रौढ आहेत की नाही ते तपासायला मदत केली. मला या कामातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ज्याने स्वतः पोट फाडून पाहिलं की आपल्या टोपलीतल्या बहुतेक माशांत अंडी धरलेलीच नाहीत, त्याला आलेख दाखवून पटवावं लागत नाही.

ही पद्धत कुठे फसवते?

इथे नीट लक्ष द्या, कारण कोकणात हाच सापळा आहे. लांबीची पद्धत असं धरून चालते की एका लांबीनंतरचे सगळे मोठे मासे जाळ्यात सारखेच सापडतात. ट्रॉल जाळ्यासाठी हे बऱ्यापैकी खरं आहे. पण पापलेटसाठी वापरलं जाणारं तरंगतं दालदी जाळं तसं नाही. लहान मासा आसातून निसटतो, ठरावीक मापाचा मासा कल्ल्यापाशी अडकतो, आणि फार मोठा मासा आसात डोकंच घालू शकत नाही. त्यामुळे पकडीत मोठे मासे दिसले नाहीत, तर ते समुद्रात नाहीत की जाळ्यात येत नाहीत, हे त्या एका जाळ्यावरून सांगता येत नाही.

उलट डोल जाळं प्रवाहाच्या तोंडाशी पिशवीसारखं लावलेलं असतं. त्यात बोंबील, जवळा यांच्याबरोबर बारीक पिल्लंही येतात. फक्त डोल जाळ्याची मासळी मोजली तर चित्र भलतंच भीतीदायक दिसेल. म्हणून एका जातीसाठी निरनिराळ्या जाळ्यांची मासळी मोजायची आणि कुठला मासा कुठल्या जाळ्यातला, ते लिहून ठेवायचं.

दुसरा सापळा पावसासारखा आहे. एखाद्या वर्षी पिल्लं भरमसाट जन्मली तर पकडीत लहान मासे जास्त दिसतील. ती वाईट बातमी नव्हे, चांगली आहे. एका वर्षाच्या मोजणीवर निकाल द्यायचा नाही तो यासाठीच.

पद्धत तिसरी: फक्त पकडीचे आकडे

काही जातींच्या लांबीच्या नोंदी नसतात, पण दरवर्षी किती टन उतरली हे मात्र वीस-तीस वर्षांचं असतं. अशा वेळी 'कॅच-एमएसवाय' प्रकारच्या पद्धती वापरतात. स्टीव्हन मार्टेल आणि फ्रोझे यांनी ही कल्पना २०१३ साली मांडली.

तर्क साधा आहे. समजा एका खात्यातून दरवर्षी किती पैसे काढले ते माहीत आहे, पण शिल्लक आणि व्याजदर माहीत नाही. संगणक शिल्लक आणि व्याजदराच्या हजारो जोड्या करून पाहतो. ज्या जोडीत खातं मधेच रिकामं होतं, ती बाद, कारण प्रत्यक्षात पैसे निघत राहिले. ज्या जोडीत शेवटची शिल्लक अशक्य वाटावी इतकी येते, तीही बाद. उरलेल्या जोड्यांवरून "दरवर्षी किती काढलं तर खातं टिकेल" याचा अंदाज येतो. माशांच्या बाबतीत व्याज म्हणजे साठ्याची वाढ.

पद्धत हुशार आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका. पकड कमी झाली ती मासे कमी झाले म्हणूनच, असं नसतं. डिझेल महागलं, वादळामुळे बोटी किनाऱ्याला राहिल्या, भाव पडला, खलाशी मिळाले नाहीत, अशी कितीतरी कारणं असतात. शिवाय "साठा सुरुवातीला किती भरलेला होता" हे सुरुवातीलाच अंदाजाने सांगावं लागतं आणि निकाल त्या अंदाजावर बराच हलतो.

पद्धत चौथी: आकडे नाहीत, मग जोखीम तोला

आणि काहीच नसेल तर? तर आधी कुणाकडे बघायचं ते ठरवा. यासाठी प्रत्येक जातीला दोन बाबतींत १ ते ३ गुण देतात. एक, ती जात किती सावकाश भरून निघते. उशिरा प्रौढ होणारी, थोडी पिल्लं देणारी असेल तर ३. दोन, ती जाळ्यात किती सहज सापडते. मग दोन्ही गुणांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं.

मुशीला, म्हणजे लहान शार्कला, समजा ३ आणि ३ गुण मिळाले. वर्गमूळ १८, म्हणजे ४.२४. तारलीला १ आणि २ मिळाले, तर २.२४. मुशी आधी तपासायची, हे एका संध्याकाळच्या बैठकीत कळतं. ऑस्ट्रेलियात ही पद्धत बऱ्याच जातींची चाळणी लावायला वापरली गेली.

ही यादी का महत्त्वाची, ते शिंगाळ्यावरून कळेल. शिंगाळ्याची मादी अंडी थोडी आणि मोठी घालते, आणि नर ती आपल्या तोंडात धरून उबवतो. त्या काळात असे नर थव्याने पृष्ठभागाजवळ येतात. कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आल्यावर नेमके हेच थवे तोंडातल्या अंडी-पिल्लांसकट उचलले गेले. एका फेरीत बाप आणि पुढची पिढी दोन्ही गेले. शिंगाळ्याचा साठा खालावला तो असा. यासाठी तीस वर्षांचा डेटा लागत नव्हता. "अंडी थोडी, थवा दाट" ही दोनच वाक्यं धोक्याची घंटा वाजवायला पुरेशी होती, आणि ती जुन्या मच्छीमारांना ठाऊकच असतात.

मच्छीमारांची आठवण हा खराच डेटा आहे. पण तिच्यातही एक खोट असते. पॉली यांनी १९९५ साली ती दाखवून दिली. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्रच "मूळचा" समजते. आजोबांना जे कमी वाटलं, ते नातवाला नेहमीचं वाटतं. म्हणून विचारताना वेगवेगळ्या वयाच्या लोकांना तोच प्रश्न विचारायचा आणि उत्तरं वयानुसार मांडायची.

अंदाज झाला, पण नियम कसा करायचा?

इथपर्यंतचं सगळं निदान झालं. औषध म्हणजे आधीच ठरवलेला नियम: "आकडा असा आला तर आपण असं करू." आकडा आल्यावर वाद घालायचा नाही, कारण तेव्हा प्रत्येकाचं नुकसान डोळ्यासमोर असतं.

युरोपात समुद्र संशोधन परिषद, म्हणजे आयसीईएस, २०१२ पासून काही वर्षं कमी डेटाच्या साठ्यांसाठी एक सोपा नियम वापरत होती. गेल्या दोन वर्षांची सरासरी भागिले त्याआधीच्या तीन वर्षांची सरासरी. समजा पाहणीचा निर्देशांक त्या तीन वर्षांत सरासरी १०० होता आणि गेल्या दोन वर्षांत ८५. गुणोत्तर ०.८५. मागच्या वर्षी १,००० टनांची शिफारस असेल तर आता ८५० टन. एका खेपेला २० टक्क्यांहून जास्त वाढ किंवा कपात करायची नाही, म्हणजे एखाद्या विचित्र वर्षामुळे धंदा उलटापालटा होत नाही. आणि साठ्याची स्थिती माहीतच नसेल तर सावधगिरी म्हणून आणखी २० टक्के कमी.

आपल्याकडे टनांचा कोटा चालवणं अवघड आहे. हजारो बोटी, शेकडो जागा, वजनकाटा कुठे कुठे लावणार? म्हणून आपल्याला आकार, आस आणि काळ या तीन गोष्टींचे नियम जास्त परवडतात.

महाराष्ट्रात आज काय आहे?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी केंद्राने ठरवलेली आहे. ही कमी डेटाच्या नियमाची नमुनेदार मिसाल आहे. कुठल्याही एका जातीची मोजणी न करता, अनेक जातींना एकदम विसावा मिळतो.

दुसरा नियम किमान आकाराचा. केरळने २०१५ मध्ये १४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार लावला, पुढे ही यादी ५८ जातींपर्यंत नेली. तिथे तारलीला १० सेंटिमीटर आणि बांगड्याला १४ सेंटिमीटर अशी मर्यादा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीएमएफआरआयच्या शिफारशींवरून ५४ जातींसाठी असे आकार ठरवले. त्याच वर्षी रुपेरी पापलेट राज्यमासा झाला. लक्षात घ्या, किमान आकार हा प्रौढ होण्याच्या लांबीइतकाच असेल असं नाही, व्यवहार पाहून तो खालीही ठेवला जातो. म्हणून नियम पाळला तरी साठा सुधारतोय का, हे मोजत राहावं लागतं.

आकाराच्या नियमाची मोठी मर्यादा मघाच्या डोल जाळ्यातच दिसते. जाळं वर आलं तेव्हा पिल्लू बहुतेक मेलेलं असतं. ते समुद्रात टाकलं काय आणि बाजारात आणलं काय, साठ्याच्या दृष्टीने फरक शून्य. म्हणजे आकाराचा नियम खरा चालवायचा तर तो जाळ्याच्या आसात उतरला पाहिजे. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावा, ही शिफारस त्यासाठीच आहे. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ओढ लागली की मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो आणि पिल्लं जिवंत निसटतात. बाजारात मोजपट्टी घेऊन उभं राहण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पण नवं जाळं घ्यायचा आणि सुरुवातीला थोडी मासळी सोडून द्यायचा खर्च बोटवाल्यावर पडतो. हा खर्च कोण उचलणार, हे ठरवल्याशिवाय तो नियम कागदावरच राहतो. पारंपरिक जाळ्यावर जगणाऱ्या कुटुंबाला आणि मोठ्या यांत्रिक बोटीला एकच कपात सारखी लागत नाही, हेही विसरू नये.

मोबाइल आणि उपग्रह काय मदत करतील?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. उद्दिष्ट एक लाख बोटींचं. मूळ हेतू सुरक्षिततेचा आहे, म्हणजे वादळाचा इशारा, अडचणीत संदेश. पण बोट किती तास कुठे होती, ही नोंद मिळाली तर आपल्या यादीतली हरवलेली दुसरी गोष्ट, मासेमारीला लागलेले श्रम, मोजता येईल. फोनच्या कॅमेऱ्याने माशाची लांबी काढणंही आता अवघड नाही. शेजारी ठरावीक मापाची पट्टी ठेवली की झालं.

प्रश्न तंत्राचा कमी आणि विश्वासाचा जास्त आहे. आपली मासेमारीची जागा शेजारच्या बोटवाल्याला कळेल, किंवा दिलेली माहिती उद्या आपल्यालाच दंड करायला वापरली जाईल, अशी भीती असेल तर मच्छीमार खरा आकडा देणार नाही. म्हणून माहिती कुणाच्या मालकीची, कोण पाहणार आणि कशासाठी, हे आधी लिहून द्यायला हवं. आणि निकाल त्याच बंदरावर, त्यांच्याच भाषेत परत सांगायला हवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

- वय नसेल तर लांबी मोजा. लांबी नसेल तर पकडीचा कल पाहा. तोही नसेल तर जोखमीची यादी करा.
- एका पद्धतीवर विसंबू नका. दोन-तीन पद्धती एकच सांगत असतील तर पाऊल उचला. वेगवेगळं सांगत असतील तर सावध बाजू धरा.
- कुठलं जाळं वापरलं हे लिहिल्याशिवाय लांबीच्या आकड्याला अर्थ नाही.
- आकडा येण्याआधी नियम ठरवा, आणि दर एक-दोन वर्षांनी तो तपासा.
- माहिती जितकी कमी, तितकी पकड बेताची. अज्ञानाची किंमत माशांनी नाही, आपण आधी मोजायची.

सीएमएफआरआयने २०२२ सालासाठी देशातले १३५ मत्स्यसाठे तपासले, त्यातले ९१.१ टक्के टिकाऊ स्थितीत निघाले. ही दिलासा देणारी बातमी आहे, आणि मर्यादित डेटातही किती काम होऊ शकतं याचा पुरावाही. पण जे साठे यादीत नाहीत, त्यांच्याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही. पुढच्या वेळी बाजारात तळहाताएवढं पापलेट स्वस्तात दिसलं तर भाव विचारण्याआधी त्याची लांबी पाहा. मागणीही आकडेवारीचाच भाग आहे, आणि तेवढी एक नोंद आपल्या हातात आहे.